देठ राखण्याचे शास्त्र

खेळाच्या तासाला एखादी मुलगी नेहमी कडेला बसते. पोक काढून चालते, उन्हाळ्यातही ओढणी घट्ट लपेटून घेते. आपण तिला आळशी किंवा लाजरी समजून मोकळे होतो. पण कदाचित तिचे खांदे आणि मान रोज दुखत असतील. शरीराच्या मानाने स्तन फार मोठे असणे हा खरा शारीरिक त्रास आहे. पाठ दुखते, अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडतात, स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटते. स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया आहे ती या त्रासावर. तिच्या इतिहासाचा एक धागा पुण्याशीही जुळतो.

गंमत अशी, की या शस्त्रक्रियेचे फार जुने वर्णन सापडते ते पुरुषांसाठीचे. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉल (एजिना बेटावरचा) याने पुरुषांचे वाढलेले स्तन कमी कसे करावेत, हे लिहून ठेवले आहे. स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यायचा, आतली चरबी काढायची आणि टाके घालायचे. स्त्रियांच्या वाट्याला मात्र त्रासच होता. १६६९ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथील डॉक्टर विल्यम डर्स्टन यांनी रॉयल सोसायटीला एका तरुण स्त्रीची हकिगत कळवली. तिचे स्तन अचानक वाढू लागले आणि काही महिन्यांतच ती मरण पावली. मृत्यूनंतर एकच स्तन काढून तोलला, तो ६४ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो भरला! तिच्यासाठी वैद्यांच्या हाती काहीच नव्हते.

१८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक पद्धत मांडली. आता मोठी शस्त्रक्रिया सहन करणे आणि तीतून वाचणे शक्य झाले. मग अडचण कोणती उरली? अडचण होती स्तनाग्राची. स्तनातला भाग काढला की स्तनाग्र वरच्या जागी न्यावे लागते. पण त्याच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या, तर ते काळे पडून मरते. १९२२ मध्ये शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी सरळ मार्ग काढला. स्तनाग्र पूर्ण सुटे करायचे आणि कातडीचे कलम लावतात तसे नव्या जागी लावायचे. ते जगत असे, पण त्याची संवेदना बहुधा जाई आणि दूध वाहून आणणाऱ्या नलिकांशी असलेला संबंध तुटे.

१९३० मध्ये श्वार्त्समान यांनी वेगळी वाट दाखवली. स्तनाग्राभोवतीच्या कातडीचा फक्त वरचा पापुद्रा काढायचा, खालचा थर तसाच ठेवायचा. त्या थरातील बारीक रक्तवाहिन्या स्तनाग्राला पोसतात. म्हणजेच, हलवायच्या भागाचा एक जिवंत देठ राखायचा.

देठाची ही कल्पना शस्त्रक्रियेत नवी नव्हती. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आले. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला होता. त्याचे नाक कापले गेले होते. पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. कपाळावर नाकाचा आकार आखून त्याने कातडी सोडवली, पण दोन भुवयांमध्ये तिचा एक पट्टा जोडलेला ठेवला. कातडी नव्या जागी रुजेपर्यंत रक्त त्या पट्ट्यातूनच येत होते. सुमारे २५ दिवसांनी तो पट्टा कापला. पत्रात त्या कारागिराची जात आहे, नाव नाही. पुढे १८१४ मध्ये लंडनला जोसेफ कार्प्यू यांनी याच पद्धतीने नाक बसवले आणि देठाची विद्या युरोपात पसरली.

स्तनांच्या बाबतीत पुढचा प्रश्न राहिला तो देठ कोणत्या बाजूने ठेवावा हा. १९५६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट वाइज यांनी, शिंपी कापड बेततो तसा, अंतर्वस्त्राच्या बेतावरून छेदाचा नमुना आखला. स्वीडनच्या स्ट्रॉम्बेक यांनी १९६० मध्ये आडवा, दोन्हीकडून जोडलेला देठ वापरला. मॅककिसॉक यांनी १९७२ मध्ये उभा. त्या दशकाच्या उत्तरार्धात फक्त खालून जोडलेला देठ रूढ झाला. थोरेक यांची पद्धतही बाद झालेली नाही. स्तन फारच मोठे असतील, तर देठ लांब होऊन रक्त पुरत नाही. तेव्हा ती आजही उपयोगी पडते.

या शस्त्रक्रियेची किंमतही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. पूर्ण भूल द्यावी लागते. वण कायम राहतात. वाइज यांच्या नमुन्यात ते नांगराच्या आकाराचे असतात. संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजताना दूध कमी पडू शकते. म्हणून किशोरवयात सहसा स्तनांची वाढ थांबेपर्यंत वाट पाहतात. मात्र ज्यांना ती लागते, अशा बहुतेक स्त्रियांचे दुखणे तिने हलके होते.

रक्ताभिसरणाचा धडा शिकवताना नाकाची गोष्ट आपण सहज सांगू. स्तनांची सांगताना आवाज खाली जाईल. पण तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. आणि आपण ते साध्या आवाजात सांगितले, तर कडेला बसलेल्या त्या मुलीला एवढे तरी कळेल, की आपले दुखणे लपवण्याचे नव्हे, डॉक्टरांना सांगण्याचे आहे.