शेवटच्या फेऱ्यांतली माणसं

८ फेब्रुवारी १९३६. फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात नऊ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघांची मंडळी जमली होती. कॉलेज संपवून बाहेर पडणाऱ्या नव्वदेक खेळाडूंची नावं एका फळ्यावर लिहिलेली होती आणि ज्यानं त्यानं आपल्या पाळीला एकेक नाव उचलायचं होतं. नववी म्हणजे शेवटची फेरी आली. शिकागो बेअर्सचे मालक आणि प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांनी कोलगेट विद्यापीठाच्या डॅन फोर्टमन या पोराचं नाव घेतलं. एकूण ७८वी निवड. हॅलसनी त्याचा खेळ पाहिलेला नव्हता. नाव कानाला बरं वाटलं म्हणून घेतला, अशी त्या निवडीची गोष्ट पुढं सांगितली जाऊ लागली.

फोर्टमन आठ हंगाम खेळला, खेळता खेळता शिकागोत वैद्यकीचं शिक्षण पुरं करून डॉक्टर झाला आणि अखेर खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. त्याच दिवशी सगळ्यांत पहिला निवडला गेलेला जे बरवँगर हा त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. त्याची आणि हॅलसची पैशांवरून बोलणी फिसकटली. तो रबराच्या धंद्यात शिरला आणि व्यावसायिक सामना एकही खेळला नाही.

पाळीपाळीनं खेळाडू निवडायच्या या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. पहिल्याच ड्राफ्टनं असा निकाल दिला. तेव्हापासून शेवटच्या फेऱ्यांत दडलेल्या खेळाडूंचं, म्हणजे ‘स्लीपर’ मंडळींचं, वेड या खेळाला जडलं ते आजतागायत. त्यांच्या गोष्टी नशिबाचे खेळ म्हणून सांगितल्या जातात. पण जरा जवळून पाहिलं तर बहुतेक स्लीपरना नशिबानं झाकून ठेवलेलं नव्हतं. त्यांच्याकडे बघायला कोणी गेलंच नव्हतं, किंवा बघूनही भलतंच मोजलं होतं.

ड्राफ्ट काढला फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांनी. चांगले खेळाडू न्यूयॉर्क आणि शिकागोच्या संघांकडेच जातात, तळाच्या संघांना कोणी वालीच राहत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. १९३५ मध्ये त्यांचाच संघ तळाला होता. म्हणून नियम असा केला की मागच्या हंगामात जो शेवटचा, त्याची निवड पहिली. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या थैलीत जास्त, त्याची बोली चालते; इथं पाळी ठरलेली आणि खेळाडूला संघ निवडायची मुभा नाही. पाळी ठरलेली असल्यावर हुशारी दाखवायला जागा उरते ती शेवटाकडेच. पहिल्या फेरीतली नावं सगळ्यांनाच माहीत असतात.

सुरुवातीच्या काळात माहिती म्हणजे वर्तमानपत्रं. न्यूयॉर्क जायंट्सच्या मालकाचा धाकटा मुलगा वेलिंग्टन मारा मासिकं आणि गावोगावची वर्तमानपत्रं मागवून नावांच्या याद्या करायचा आणि तेवढ्यावर त्याचा संघ इतरांच्या पुढं असायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस रॅम्सनी एडी कोटल यांना पगारी स्काउट नेमलं आणि कॉलेजांमागून कॉलेजं पालथी घालायला पाठवलं. त्या काळात फेऱ्या तीसपर्यंत गेल्या होत्या, त्यामुळं ही पायपीट फळाला येई. १९५१ मध्ये रॅम्सनी १९व्या फेरीत अँडी रोबस्टेली निवडला. त्याचं आर्नल्ड कॉलेज कनेक्टिकटमधलं, इतकं छोटं की दोनच वर्षांनी ते दुसऱ्या संस्थेत विलीन झालं. रोबस्टेली मात्र डिफेन्सिव्ह एंड म्हणून चौदा हंगाम खेळला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला.

पण नजर न पोचण्याचं सगळ्यांत मोठं कारण अंतर नव्हतं, वर्ण होता. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये, म्हणजे या संघांच्या व्यावसायिक लीगमध्ये, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ड्राफ्टमध्ये पहिल्यांदा कृष्णवर्णीयांची निवड झाली ती १९४९ मध्ये, तीही किती खाली! जॉर्ज टॅलियाफेरो १३व्या फेरीत, वॉली ट्रिप्लेट १९व्या फेरीत. दक्षिणेतली मोठी विद्यापीठं कृष्णवर्णीय मुलांना घेत नसत. ती मुलं ग्रॅम्ब्लिंग, सदर्न, टेनेसी स्टेट अशा कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत खेळत आणि मोठ्या वर्तमानपत्रांत त्या सामन्यांचा निकालसुद्धा धड छापून येत नसे. १९६१ मध्ये रॅम्सचे स्काउट एका धावणाऱ्या खेळाडूची फिल्म बघत होते. त्या धावणाऱ्यालाच मागे टाकणारा एक आडदांड टॅकल त्यांना पडद्यावर दिसला. तो डीकन जोन्स. १४वी फेरी, १८६वी निवड. पुढच्या दशकभरात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्यांना, त्याच्याइतका धाक क्वचितच कोणाचा वाटला असेल. बघायला गेले होते दुसऱ्यालाच, म्हणून तो सापडला.

हे ज्याला ठरवून करता आलं तो माणूस स्काउट नव्हताच, पत्रकार होता. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ हे कृष्णवर्णीयांचं मोठं साप्ताहिक. बिल नन त्याचे क्रीडा संपादक आणि कृष्णवर्णीय कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ ते दरवर्षी जाहीर करत. गावातल्याच स्टीलर्स संघाला या संघाची किंमत कळलेली नव्हती, आणि नन यांनी ती नाराजी लपवली नाही. मालकाचा मुलगा डॅन रूनी यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि साठच्या दशकाच्या अखेरीस नन स्टीलर्ससाठी काम करू लागले. ननना त्या कॉलेजांचे प्रशिक्षक वर्षानुवर्षं ओळखत होते. इतर स्काउट सकाळी येऊन संध्याकाळी परतत. ननसाठी मात्र तिथली दारं घरच्यासारखी उघडी असत. १९६९ मध्ये दहाव्या फेरीत एल. सी. ग्रीनवूड आला, १९७१ मध्ये आठव्या फेरीत अर्नी होम्स. ‘स्टील कर्टन’ म्हणून गाजलेल्या बचावफळीतले चारपैकी दोन खेळाडू हे असे तळातून उचललेले.

ननचा हातखंडा दिसतो तो जॉन स्टॉलवर्थच्या प्रकरणात. अलाबामा ए अँड एमचा हा वाइड रिसीव्हर बघायला बऱ्याच संघांचे स्काउट एकत्र गेले होते. मैदान ओलं होतं. त्यावर स्टॉलवर्थ चाळीस यार्ड पळाला, वेळ बेताचीच लागली आणि सगळ्यांनी तेवढी नोंद करून वही मिटली. घोळका पुढच्या गावाला निघाला तेव्हा नन यांनी तब्येत बरी नसल्याचं सांगितलं आणि ते मागं राहिले. दुसऱ्या दिवशी कोरड्या जागी त्यांनी त्याला पुन्हा पळवलं. वेळ चांगलीच कमी भरली. हा आकडा फक्त एकाच संघाकडे होता. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी म्हणूनच धीर धरला आणि चौथ्या फेरीत, ८२व्या क्रमांकावर स्टॉलवर्थ घेतला. पुढं सुपर बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, रॅम्सविरुद्ध ७३ यार्डांचा झेल टचडाउनपर्यंत नेणारा तो हाच. त्याच वर्षी पाचव्या फेरीत माइक वेबस्टर मिळाला. साउथ कॅरोलिना स्टेटचा डॉनी शेल तर १७ फेऱ्यांत कोणीच घेतला नव्हता. त्याला ननच्या सांगण्यावरून ड्राफ्टनंतर करारबद्ध केलं. एका वर्षात आलेले पाच खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये गेले. दुसऱ्या कुठल्याही संघाला हे आजवर जमलेलं नाही.

दुसरी वाट डॅलस काउबॉइजनी धरली आणि तिच्यात एका भारतीयाचा हात आहे. सलाम कुरेशी हे भारतातून गेलेले संख्याशास्त्रज्ञ आयबीएमच्या एका उपकंपनीत काम करत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला काउबॉइजचे टेक्स श्रॅम यांनी त्यांच्याकडून खेळाडू निवडण्यासाठी संगणकाची पद्धत बसवून घेतली. कुरेशींना अमेरिकन फुटबॉल माहीत नव्हता आणि माझ्या मते तेच उपयोगी पडलं. ‘हा पोरगा भारी आहे’ या वाक्यात नेमकं काय काय येतं, हे त्यांना प्रशिक्षकांकडून एकेक करून विचारून घ्यावं लागलं. चपळाई, ताकद, जिद्द, डोकं, स्वभाव असे गुण वेगळे काढले गेले आणि स्काउटच्या आवडीनिवडीला आकड्यांची चाळणी लागली. तरीही काउबॉइजची सगळ्यांत गाजलेली तळातली निवड संगणकापेक्षा संयमाची होती. रॉजर स्टॉबाखला १९६४ मध्ये दहाव्या फेरीत घेतलं ते नौदलातली सक्तीची सेवा संपायची वाट बघायच्या तयारीनं. तो पहिला सामना खेळला १९६९ मध्ये.

काही जणांची दुखणी निवडीच्या आड आली. बार्ट स्टारची पाठ अलाबामात असताना दुखावली आणि शेवटच्या वर्षी तो फारसा खेळलाच नाही. तिथल्याच बास्केटबॉल प्रशिक्षकानं ग्रीन बे पॅकर्सच्या जॅक व्हायनिसी यांच्याकडे शब्द टाकला, म्हणून १९५६ मध्ये १७व्या फेरीत, २००व्या क्रमांकावर त्याचं नाव निघालं. त्या उन्हाळ्यात तो सासुरवाडीच्या अंगणात टायरमधून चेंडू फेकत बसे. पुढं पाच विजेतेपदं आणि पहिल्या दोन्ही सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू. १९८३ चा रिचर्ड डेंट बारीक म्हणून आठव्या फेरीपर्यंत मागं पडला. त्याचं कारण तोंडात होतं: दात इतके खराब की पोटभर खाता येत नसे. बेअर्सनी दंतवैद्याचं बिल भरलं, डेंटचं वजन वाढलं आणि तिसऱ्या हंगामाअखेर तो सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दरम्यान जाळं घट्ट होत गेलं. संघांनी एकत्र येऊन स्काउटिंगच्या संस्था काढल्या; १९८० पासून ईएसपीएन ड्राफ्ट थेट दाखवू लागलं; इंडियानापोलिसच्या चाचण्यांत प्रत्येकाची उंची, उडी आणि धाव सगळ्यांसमोर मोजली जाऊ लागली. फेऱ्या कमी होत १९९४ पासून सातवर आल्या. ब्रुकलिनच्या एका लहानशा घरात बसून जोएल बुक्सबॉम ‘प्रो फुटबॉल वीकली’साठी शेकडो खेळाडूंची टिपणं काढत आणि संघांचे अधिकारीही ती वाचत. आता कोणी नजरेआड राहणं अवघड होतं. प्रश्न उरला तो काय मोजायचं याचा.

टॉम ब्रेडीचं नाव म्हणूनच इथं महत्त्वाचं. मिशिगनसारख्या बलाढ्य विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक काही लपलेला नव्हता. १ जानेवारी २००० रोजी ऑरेंज बोलमध्ये दोनदा १४ गुणांनी मागं पडूनही त्यानं अलाबामाला ३५-३४ असं हरवलं, तेही साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पण चाचणीत तो चाळीस यार्ड पळायला ५.२८ सेकंद घेतो, जागच्या जागी साडेचोवीस इंचच उडतो, हे लिहिलं गेलं आणि तेच धरून ठेवलं गेलं. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले. न्यू इंग्लंडचे प्रशिक्षक डिक रेबाइन त्याला बघून आले होते आणि त्यांनी त्याच्यासाठी आग्रह धरला. १९९वी निवड झाल्यावरही संघानं त्या हंगामात चार क्वार्टरबॅक ठेवून त्याला सांभाळलं, हे फारसं कोणी सांगत नाही. रेबाइन २००१ च्या ऑगस्टमध्ये वारले. पुढच्याच महिन्यात संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्र्यू ब्लेडसो जखमी झाला आणि ब्रेडी मैदानात आला. सात सुपर बोल त्यानंतरचे.

२०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं ब्रॉक पर्डीला अगदी शेवटच्या, २६२व्या क्रमांकावर घेतलं. डिसेंबरात पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळताना त्याच्यासमोर ब्रेडीचाच संघ होता. तो त्यानं ३५-७ असा हरवला. २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरचा करार मिळाला.

ननच्या कॉलेजांचं काय झालं? दक्षिणेतली मोठी विद्यापीठं सत्तरच्या दशकात कृष्णवर्णीय खेळाडूंना घेऊ लागली आणि त्या छोट्या मैदानांवरचे उत्तम खेळाडू तिकडे वळले. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतून एकही खेळाडू निवडला गेला नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, मृत्यूनंतर सात वर्षांनी, बिल नन यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. डॉनी शेलचा सन्मानही त्याच दिवसांत झाला. पुढच्या वर्षी या कॉलेजांचे चार खेळाडू निवडले गेले. त्यांतला जॅक्सन स्टेटचा जेम्स ह्यूस्टन सहाव्या फेरीत, २१७व्या क्रमांकावर डेट्रॉइटकडे गेला आणि पहिल्याच हंगामात सात सामन्यांत त्यानं आठ वेळा प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला लोळवलं.