छर्‍याची बंदूक

गोफणीनंतर आमच्या ज्वारीच्या राखणीला आली ती छर्‍याची बंदूक. नळी मोडून भरायची, स्वस्तातली. लोक तिला खेळणं म्हणायचे, पण आत असतो तो पंपच. सायकलच्या पंपात असतं तसं दट्ट्याला चामड्याचं वायसर. ते सुकलं की हवा निसटते, छर्‍याचा जोर जातो.

पारख पत्र्याच्या डब्यावर, वीस पावलांवरून. नुसता पोचा पडला की आमचा सायकलवाला स्प्रिंग जपून सोडवायचा, वायसर रात्रभर तेलात मुरवायचा. सांध्याचा स्क्रू आवळला की तीच बंदूक डबा आरपार करी. तेल जादा झालं तर मात्र डिझेल इंजिनासारखा आत भडका उडे आन् नळीतून धूर!

हे दुखणं जुनंच. 1780च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक घेतली. वीसबावीस गोळ्या एकामागे एक सुटायच्या, पण टाकी भरायला दीड हजाराच्या आसपास दट्टे मारायचे. चामडं सुकलं की तीही फुसकीच.

पुढे कायद्याने पोपट मारायला बंदी आली. तेव्हापासून बाभळीला डबा टांगलाय. छर्‍याने तो खणकन वाजला की थवा उठतो.