आधी साक्ष, मग तारीख

देशाच्या इतिहासाचा नॉलेज ग्राफ बांधायचा म्हणजे माणसे, गावे, लढाया आणि कागदपत्रे यांची परस्परांतली नाती संगणकाला वाचता येतील अशी नोंदवायची. भारतासाठी हे काम व्हायलाच हवे. मात्र त्यात प्रत्येक विधान त्याच्या साक्षीसकट नोंदले गेले पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचेच पाहा. काही उत्तरकालीन बखरी शके 1549 चा वैशाख सांगतात. लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही हीच तिथी येते. ज्युलियन गणनेने तो दिवस 19 फेब्रुवारी 1630, तर ग्रेगोरियन गणनेने 1 मार्च. ग्राफमध्ये नुसती एक तारीख भरली, तर ती कशावरून ठरली हेच पुसले जाते. म्हणून मूळ तिथी जशीच्या तशी, तिचे रूपांतर वेगळे आणि दोन्हींमागचा कागद त्याच्या काळासह नोंदवावा.

यावर आक्षेप असा, की वाचकाला एकच उत्तर हवे असते आणि सगळे दावे ठेवले तर खरे-खोटे एकाच पंगतीत बसतील. पण समकालीन शकावली आणि दीडशे वर्षांनंतरची बखर यांचे वजन सारखे नसते, हे ग्राफला सांगता येते. त्यावरून उत्तर एकच द्यावे, मात्र त्याची कारणे झाकू नयेत. माणसांच्या ओळखीबाबत तर याला पर्यायच नाही. पानिपतच्या लढाईनंतर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचा तोतया उभा राहिला. ‘हा भाऊ’ आणि ‘हा स्वतःला भाऊ म्हणवतो’ यांतला फरक नोंदीत नसेल, तर यंत्र दोघांना एकच माणूस ठरवील.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: पुण्याच्या पुराभिलेखागारातले कोट्यवधी मोडी कागद अजून छापलेले नाहीत, मग छापील पुस्तकांवर उभारलेला ग्राफ लंगडाच राहणार. हे खरे आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, ती अस्सल पत्रे हाती आल्याशिवाय इतिहास लिहिता येत नाही म्हणूनच. तेव्हा ग्राफवरच्या खर्चातला मोठा वाटा मोडी वाचणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आणि वेतनासाठी जायला हवा. न वाचलेल्या कागदाची भर कोणतेही यंत्र आपण होऊन घालू शकत नाही.