स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा : सर्वांची रीत एकच हवी

ठाण्यातील टेंभी नाका म्हटला की जिल्ह्यातील जुन्या पिढीस 'सिव्हिल' म्हणजेच विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय आठवते. नव्या इमारतीच्या बांधकामासाठी २०२३ साली तेथील सेवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारात हलविण्यात आल्या. धडधाकट माणूस नवा पत्ता विचारून घेतो. परंतु ज्यांची स्मृतीच क्षीण होत आहे, त्यांना नवी जागा व नवे चेहरे भयभीत करतात. जागा बदलली तरी शुश्रूषेची रीत बदलू नये, हे अशा रुग्णांसाठी औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

स्मृतिभ्रंश म्हणजे वेड नव्हे, तसेच वार्धक्याचा अटळ भागही नव्हे. तो मेंदूच्या विकारांमुळे होतो. अल्झायमर हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा विकार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे ७.४ टक्के ज्येष्ठांना, स्मृतिभ्रंश आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार व नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून प्रथम तपासणी आवश्यक आहे.

निदानानंतर खरी अडचण सुरू होते. डॉक्टर एक सांगतात, परिचारिका दुसरे, तर घरी ठेवलेली मावशी तिसरेच करते. रुग्णाला नवी सवय शिकणे कठीण असल्याने अशा विसंगतीचा त्रास त्यालाच होतो. त्यावर काही साधे नियम उपयोगी पडतात.

पहिला, रुग्णाची एका पानाची माहिती लिहून ती सदैव सोबत ठेवावी : आवडते संबोधन, मातृभाषा, चष्मा व श्रवणयंत्र, झोपेच्या वेळा, कशाची भीती वाटते, चालू औषधे. ब्रिटनमधील अल्झायमर्स सोसायटीचे 'धिस इज मी' हे पत्रक याच धर्तीचे आहे.

दुसरा, समजावून सांगितलेली गोष्ट आप्तांकडून त्यांच्या शब्दांत पुन्हा वदवून घ्यावी. "समजले का?" या प्रश्नाला सारेच होकार देतात.

तिसरा, समोरून बोलावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. "आजी, आत्ताच तर सांगितले ना!" असे म्हणून वाद घालू नये.

चौथा, एकाएकी गोंधळ वा अतिशय गुंगी आल्यास आजार वाढला असे समजून थांबू नये. संसर्ग अथवा औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांसाठी दहा खाटांच्या वृद्धकक्षाची तरतूद आहे. कोची येथे १९९२ साली स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था कुटुंबांना मार्गदर्शन करते. तथापि रात्रंदिवस उशाशी बसणारे बहुधा घरचेच असतात. त्यांना योग्य शिक्षण व अधूनमधून विसावा मिळावा, ही आपल्या धर्मग्रामांचीही जबाबदारी आहे, असे आम्हांस वाटते.