पंधरा फूट कमी

शनिवार, २५ मार्च १९११. दुपारचे साडेचार वाजून गेले आहेत आणि तुम्ही न्यूयॉर्कच्या ॲश बिल्डिंगमध्ये नवव्या मजल्यावर उभे आहात. तिथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात, म्हणजे आपल्या हिशेबाने हा आठवा. समोर शिलाई यंत्रांच्या रांगा भिंतीपासून भिंतीपर्यंत गेल्या आहेत. दोन रांगांमधून जायचे तर अंग चोरूनच जावे लागते. यिद्दिश आणि इटालियन बोलणाऱ्या मुली बायकांचे ब्लाऊज शिवत आहेत. बऱ्याचजणींनी अजून विशीही ओलांडलेली नाही. आज पगाराचा दिवस आहे आणि सुट्टी व्हायला थोडाच वेळ उरला आहे.

तेवढ्या वेळात हा मजला नीट बघून घ्या. पायाखाली लाकूड आहे, खिडक्यांच्या चौकटीही लाकडी आहेत. शहराचा नियम असा, की दीडशे फुटांपेक्षा उंच इमारतीत लाकूड चालणार नाही. ही इमारत १३५ फुटांची आहे. पंधरा फूट कमी पडले, म्हणून लाकूड चालले. एवढ्या मोठ्या मजल्याला तीन जिने हवे होते. आत दोनच आहेत. मागच्या चौकातला बाहेरचा लोखंडी जिना तिसरा धरला, आणि ते चालवून घेतले गेले. तो जिना खाली रस्त्यापर्यंत पोचतही नाही, काचेच्या छपरावर संपतो. दारे बाहेरच्या बाजूला उघडावीत असे कायद्यात लिहिले आहे, पण ‘शक्य असेल तिथे’ अशी सवलतही दिली आहे. जिन्याचा कट्टा अरुंद, म्हणून ‘शक्य नाही’, म्हणून दार आत उघडते. छतातून आपोआप पाणी सोडणारे स्प्रिंकलर तीसएक वर्षे बाजारात मिळत आहेत. ते बसवायची सक्ती कोणावर नाही.

वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचे दार ढकलून बघा. त्याला कुलूप आहे. सुट्टी झाली की सगळ्यांनी ग्रीन स्ट्रीटच्या दारानेच जायचे, कारण तिथे मुलींच्या पर्स तपासल्या जातात. कामाच्या वेळात दाराला कुलूप घालणे मात्र बेकायदाच आहे. कायदा मोडला म्हणून माणसे मेली, असे पुढे लोक म्हणतील, आणि ते अर्धेच खरे असेल. या मजल्यावर तुम्ही जे पाहिलेत त्यातले बहुतेक कायद्याला धरून आहे.

आग खालच्या मजल्यावर लागते, कापणीच्या टेबलाखालच्या चिंध्यांमध्ये. तिथून दहाव्या मजल्यावर मालकांच्या कचेरीत फोन जातो आणि ते छतावरून शेजारच्या इमारतीत सुटतात. नवव्या मजल्याला कोणीच कळवत नाही. जोसेफ झिटो आणि गास्पार मोर्टिलालो हे दोघे लिफ्टवाले जाळात पुन्हा पुन्हा वर येतात आणि जेवढ्या मावतील तेवढ्यांना खाली नेतात. बाहेरचा लोखंडी जिना भाराने निखळतो. बंब येतात, शिडी उलगडते आणि सहाव्या मजल्यापाशी संपते. अर्ध्या तासाच्या आत सगळे आटोपते. १४६ माणसे मेली, त्यांपैकी १२३ बायका आणि मुली.

खाली फुटपाथवर एक तरुण बाई उभी आहे, फ्रान्सिस पर्किन्स. जवळच एका मैत्रिणीकडे चहाला आली होती, आरडाओरडा ऐकून धावत आली आणि खिडक्यांतून पडणाऱ्या मुली तिने डोळ्यांनी पाहिल्या. हिच्या मागोमाग चालत राहा. कायदा कसा बदलतो हे बघायचे असेल तर तिची पाऊलवाट सर्वांत भरवशाची आहे.

चौथ्या दिवशी पहाटे तुम्ही राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत आहात आणि खुद्द विधिमंडळाची इमारत पेटलेली आहे. २९ मार्चच्या या आगीत राज्य ग्रंथालयाची लाखो पुस्तके आणि हस्तलिखिते राख झाली, एक म्हातारा रात्रपहारेकरी गेला. आमदारांच्या स्वतःच्या छपराला आग लागली, म्हणजे आता तरी घाईने काही होईल असे तुम्हाला वाटेल. चौकशी आयोगाचा कायदा व्हायला ३० जून उजाडतो. मधल्या तीन महिन्यांत शहरात सभा होतात. २ एप्रिलला मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये टोप्या शिवणारी कामगार पुढारी रोझ श्नायडरमन बोलायला उभी राहते. आवाज चढवत नाही, पण तुमच्या सद्भावना घेऊन आम्ही काय करू, असा जाब त्या श्रीमंत श्रोत्यांना विचारते.

सभेतून एक नागरिक समिती निघते आणि ती ऑल्बनीत अल स्मिथला भेटते. मासळीबाजारात काम करून वर आलेला हा माणूस आता खालच्या सभागृहातल्या बहुमताचा नेता आहे. त्याचा सल्ला कान देऊन ऐका, कारण माझ्या मते सगळी गोष्ट इथे वळते. प्रतिष्ठित नागरिकांचा आयोग नेमाल तर अहवाल सुरेख होईल आणि कपाटात जाईल, असे तो सुचवतो. आमदारांनाच आयोगात बसवा. जे त्यांनी स्वतः पाहिले, त्याच्यासाठी ते सभागृहात भांडतील. त्याप्रमाणे नऊ जणांचा आयोग होतो. वरच्या सभागृहाचा नेता रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष, स्मिथ उपाध्यक्ष. सॅम्युएल गॉम्पर्स आणि मेरी ड्रायर कामगारांच्या बाजूने. साक्षीदारांना समन्स पाठवायचा अधिकारही त्यांना मिळतो.

आता एका थंड सकाळी त्यांच्याबरोबर कारखान्यात चला. फुटपाथवरची ती पर्किन्स आता आयोगाच्या कामात आहे आणि पाहणीचे ठिकाण तिने मुद्दाम निवडले आहे. भिंतीत एक भोक आहे आणि तेच ‘आगीत सुटण्याची वाट’ म्हणून दाखवलेले आहे. ती वॅग्नरना म्हणते, जाऊन बघा. राज्याच्या सिनेटचा नेता कोट सावरत गुडघ्यांवर येतो आणि भोकातून सरपटत बाहेर निघतो. तुम्हीही त्याच्या मागे जा. हाताला लागते ती उभी लोखंडी शिडी, बर्फाने मढलेली. खाली बघाल तर ती जमिनीच्या बारा फूट वरच संपते. लांब झगा घातलेली, घाबरलेली मुलगी धुरातून इथे आली तर काय करेल? हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही, कारण शिडीला लटकलेल्या प्रत्येकाला उत्तर मिळालेले असते. दुसऱ्या एका ठिकाणी पर्किन्स अल स्मिथला पहाटे दोरखंडाच्या कारखान्याच्या दारात उभे करते. दहा तासांची रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्या बायका त्याने बघाव्यात म्हणून. पहिल्याच वर्षी आयोगाची माणसे १८३६ कारखाने पाहतात. २२२ जणांच्या साक्षी होतात आणि त्यांची सुमारे साडेतीन हजार पाने भरतात.

डिसेंबरात थोडा वेळ कोर्टात बसा. मालक ब्लँक आणि हॅरिस यांच्यावर खटला चालू आहे. दाराला कुलूप होते एवढे पुरेसे नाही. त्या क्षणी ते लावलेले आहे हे मालकांना ठाऊक होते, हेही सिद्ध व्हायला हवे. २७ डिसेंबरला दोघेही निर्दोष सुटतात. पुढे १९१३ मध्ये ब्लँक दुसऱ्या कारखान्यातले दार कामाच्या वेळात कुलूपबंद ठेवल्याबद्दल पुन्हा सापडतो. दंड होतो वीस डॉलर.

१९१२. ऑल्बनीत आयोगाची पंधरा विधेयके येतात, आठ मंजूर होतात. जागेचे मालक आणि कारखानदार सांगतात की एवढा खर्च लादलात तर धंदे शेजारच्या राज्यात जातील. मंजूर झालेल्यांतले सर्वांत मोलाचे कलम दिसायला अगदी साधे आहे: प्रत्येक कारखान्याने आपली नोंद करायची. तोवर कोणीही माळ्यावर यंत्रे टाकून काम सुरू करी आणि राज्याला पत्ताही नसे. ज्या जागेचा पत्ता नाही तिथे निरीक्षक जाणार तरी कसा? बाकी कलमांत आगीची घंटा, बाहेर पडण्याचा सराव, कारखान्यात धूम्रपानाला बंदी. स्प्रिंकलरचीही सक्ती येते, पण सात मजल्यांहून उंच इमारतीत आणि सातव्या मजल्याच्या वर दोनशेपेक्षा जास्त माणसे कामाला असतील तरच. हे माप ॲश बिल्डिंगच्या अंगावर बेतलेले आहे. चार मजल्यांच्या कोंदट कारखान्यातल्या बाईला त्याचा काही उपयोग नाही. मागच्या आगीच्या मापाने कायदा शिवला की असे होते.

आयोगाच्या ते ध्यानात आलेले आहे, म्हणून १९१३ मध्ये तो आणखी खोल हात घालतो. एका मजल्यावर किती माणसे बसवायची हे आता जिन्याच्या रुंदीवरून ठरणार आणि तो आकडा पाटीवर लिहून लावायचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कामगार खात्यात एक औद्योगिक मंडळ नेमले जाते आणि नियम करायचा अधिकार विधिमंडळ त्याच्या हाती देते. मंडळाच्या नियमाला कायद्याचेच बळ. दार किती रुंद, जिन्याला कठडा कसा, यासाठी दर वेळी दोन सभागृहे आणि गव्हर्नरची सही नको. पण मनमानीही नको. आधी वर्तमानपत्रात सूचना द्यायची, मग जाहीर सुनावणी घ्यायची, त्यानंतरच मतदान. नियम बदलायचा किंवा रद्द करायचा तरी हीच वाट. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यातही अशीच विभागणी आहे. कायद्याने जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली, आणि २००९ च्या नियमांनी तपशील भरला. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो.

शेवटची उडी मोठी आहे, ४ डिसेंबर १९८०. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हॅरिसन गावातल्या हॉटेलात बैठकीच्या खोल्यांपाशी आग लागते आणि २६ जण मरतात. कारखान्यांसाठी सत्तर वर्षे नियम वाढत गेले, पण इमारतींची राज्याची संहिता १९५१ पासून ऐच्छिक होती. गावाला वाटले तर घ्यावी, नाही तर सोडावी. १९८१ मध्ये विधिमंडळ ती मोकळीक काढून घेते. १ जानेवारी १९८४ पासून राज्यभर एकच अग्निप्रतिबंधक आणि इमारत संहिता लागू होते. न्यूयॉर्क शहर त्यातून वगळलेले, त्याची संहिता स्वतंत्र. गावाला राज्याच्या नियमांहून कडक नियम हवे असतील तर तसे मागता येते, सैल मात्र करता येत नाहीत. आणि संहितेत दुरुस्ती करण्यासाठी एक परिषद बसते, मसुदा प्रसिद्ध करते, हरकती मागवते आणि सुनावणी लावते. सुनावणीला कोणीही येऊन बोलू शकते.