दिनविशेष : ११ जुलै
बार्शी लाइट रेल्वे कंपनीची स्थापना (१८९५)

सोलापूर जिल्ह्याच्या जडणघडणीत मोलाचा वाटा असलेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीची या दिवशी स्थापना झाली. ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप तिचे शिल्पकार. दोन रुळांत अंतर अवघे अडीच फूट. इंजिन असो वा मालडबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्यांचे सूत्र. त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल जाऊ लागला. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी धावली. पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. शेतमालाला बाजार मिळाला, वारकऱ्यांची सोय झाली. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली.

कॅलथ्रॉप यांनीच इंग्लंडमध्ये उभारलेला लीक-मॅनिफोल्ड मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. तिथल्या हल्म एंड स्थानकाचे तिकीटघर मात्र जपले गेले; आज ते माहिती केंद्र आहे. बार्शीचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. या छोट्या गाडीची तिकिटे, कंदील, छायाचित्रे आणि जुन्या कामगारांच्या आठवणी तिच्या जन्मभूमीतल्या एखाद्या जुन्या स्थानकात अशाच मायेने जपायला हव्यात.