हरणामागची वाट



दक्षिणेकडे गेलेला मराठी मुलखातला माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोडेस्वार उभा राहतो. शहाजीराजे बंगळुराला राहिले, व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी स्थापिली, शिवाजीमहाराज १६७७ साली जिंजीपर्यंत गेले. या वाटेवर आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ दिवे लावून ठेवले आहेत. परंतु त्याच दिशेला आणखी एक माणूस गेला. तो पायी होता. त्याच्या खांद्यावर फाशांचा गुंडाळा, बरोबर कुत्री आणि मागे पाल, भांडी, पोरे घेतलेली बायको. त्याची बखर कोणी लिहिली नाही. त्याच्याविषयी जे लिहिले गेले, ते पोलिसांच्या दप्तरात. हा माणूस म्हणजे पारधी.

मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. माझी शाळा फार झाली नाही. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, दोन सभांच्या मधल्या वेळात. तेव्हा या विषयाकडे मी पंडिताच्या नजरेने पाहणार नाही. माझा प्रश्न नेहमीचा आहे : या माणसाचा धंदा कोणता होता, धंद्याची जागा कोणती होती, आणि ती त्याच्याकडून कोणी, कशी काढून घेतली?

प्रथम धंदा पाहू. पारध म्हणजे शिकार, तीवरून पारधी. परंतु या एका नावाखाली अनेक कसब आहेत. फासेपारधी तातीचे आणि चामड्याचे फासे एका लांब दोरीवर ओळीने बांधून गवतात रोवतो आणि कळपाला घाई न करता, हळूहळू त्या बाजूला वळवतो. गायपारधी शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने कळपाजवळ सरकतो. हरणाला जनावर दिसते, माणूस दिसत नाही. चितेपारधी चित्ता धरून त्याला माणसाळवीत असे व काळविटावर सोडीत असे. टाकणकार हा हातात टाकी घेऊन जात्याला टाके घालणारा. तित्तिराची हाक हुबेहूब काढणे, लाव्हे जाळ्यात घेणे, सशाची पायवाट ओळखणे, हे पोरवयापासून शिकावे लागे. गिरणीत ज्याला आपण कुशल कामगार म्हणतो, त्याच्यापेक्षा ही उमेदवारी लांबलचक होती.

आता जागा. सह्याद्रीच्या पूर्वेला कमी पावसाचा एक रुंद पट्टा आहे. नाशिक-नगरपासून आपला मराठवाडा, सोलापूर, विजापूर, रायचूर, धारवाडचा पूर्वभाग आणि कर्नूलपर्यंत तो अखंड जातो. माळ, गवत, ज्वारी आणि त्यांवर जगणारे काळवीट, ससा, लाव्हा, माळढोक. या पट्ट्याला राज्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. आज सरकारने काळविटासाठी किंवा माळढोकासाठी राखलेली अभयारण्ये पहा : कर्जत तालुक्यातले रेहेकुरी, सोलापूरजवळचे नान्नज, कर्नाटकातले राणेबेन्नूर, आंध्रातले रोळ्ळपाडू. नकाशावर ही टिंबे रेघेने जोडा. ती रेघ नैऋत्येला कलते, आग्नेयेला वळते, परंतु एकंदरीत दक्षिणेला जाते. हरणशिकाऱ्याची वाट तीच. हरणाला जिथे गवत, तिथे हरण. हरण जिथे, तिथे पारधी. दक्षिणेला जाणे हे त्याच्या दृष्टीने परमुलखाला जाणे नव्हतेच.

त्याच्या भाषेवरून तो उत्तरेकडून आला हे उघड दिसते. ग्रियर्सनच्या भाषापाहणीत पारध्यांची बोली भिल्लीच्या, म्हणजे गुजरातीला जवळच्या, कुळात मांडली आहे. ही मंडळी गुजरात-राजस्थानच्या बाजूने टप्प्याटप्प्याने खाली सरकली. आपल्याकडे ती फासेपारधी झाली. कानडी मुलखात हरणशिकारी आणि अडवीचिंचर झाली, 'अडवी' म्हणजे रान. आणखी खाली म्हैसूरच्या बाजूला याच प्रकारची वागरी बोली बोलणारे हक्कीपिक्की आहेत; 'हक्की' म्हणजे पक्षी. गुजरातिया, पनवार, काळीवाला, मेवाडा ही त्यांची कुळे. नावातच प्रवासाचे मुक्काम लिहिलेले आहेत. तामिळ देशात हेच लोक नरिकुरवर झाले. 'नरि' म्हणजे कोल्हा. प्रत्येक ठिकाणी गाववाल्यांनी त्यांना त्यांच्या शिकारीवरून नाव दिले. घरात मात्र बोली जवळपास तीच राहिली.

हक्कीपिक्की आपले नाते राणा प्रतापाशी सांगतात. नरिकुरवांपैकी काहीजण आपले पूर्वज शिवाजीमहाराजांच्या फौजेत होते असे सांगतात. शहाणे लोक याला हसतात. मला हसू येत नाही. ज्याला पिढ्यान्पिढ्या चोर म्हटले, त्याला कचेरीच्या दारात जामीनदार लागतो. यांनी इतिहासातला सर्वांत मोठा जामीनदार पुढे केला, एवढेच.

आपले परतूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मनमाडहून सिकंदराबादेला जाणारी लहान मापाची रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या गावावरून धावू लागली, आणि दुधनेच्या खोऱ्याचा दक्षिणेशी संबंध आणखी सोपा झाला. दक्षिणेकडून वडार आले, वैदू आले. वडारांनी आपल्या विहिरी खणल्या आणि आपले दगड फोडले. उत्तरेकडून आलेले पारधी खाली गेले. शेतकऱ्याला पारधी नको होता असेही नाही. उभ्या ज्वारीत शिरणारे हरीण आणि डुक्कर कमी करणारा तोच होता.

मग बिघडले कोठे? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली तो सर्व इंग्रजी मुलखाला, मद्रास इलाख्यालाही, लागू करण्याची सोय झाली. या कायद्याखाली जमातीचे नाव एकदा जाहीर झाले की जन्मलेले मूलही नोंदीस पात्र. बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवानगी. पारध्याचा धंदाच गाव सोडण्याचा. म्हणजे हरणामागे जाणे हाच गुन्हा झाला.

त्याच सुमारास रानाचीही दारे लागत होती. १८७८ च्या जंगल कायद्याने मोठमोठी राने राखीव झाली. १८७९ साली मद्रास सरकारने निलगिरीसाठी शिकारीचा खास कायदा केला. या निलगिरीचा इतिहास मनोरंजक आहे. कोइमतूरचा कलेक्टर सलिव्हन याने उटकमंडला घर बांधल्यावर इंग्रज अधिकारी, मळेवाले व पेन्शनर तिथे राहायला जाऊ लागले. का? तर हवा थंड, मोकळे रान, आणि शिकार. उटकमंडला त्यांनी शिकारी कुत्र्यांचा ताफा ठेवला. विलायतेत कोल्ह्यामागे घोडे फेकायची त्यांची रीत. निलगिरीत विलायती जातीचा कोल्हा कुठला? म्हणून ते आपल्या देशी कोल्ह्यामागे धावत. आणि त्याच मद्रास इलाख्याच्या सखल मुलखात नरिकुरव जाळे घेऊन कोल्हाच धरीत होता. जनावर तेच, प्रांत तोच. एकाच्या हौसेला खेळ म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या पोटाला गुन्हा.

पकडलेल्यांचे पुढे काय झाले, हे आम्हा कामगारांनी विशेष लक्षात ठेवावे. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग येथे गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरकर आजही त्या वस्तीला 'सेटलमेंट' म्हणतात. भोवती तारेचे कुंपण, आत हजेरी, आणि वसाहतीतले हात गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यात. तिकडे आंध्रात स्टुअर्टपुरमच्या वसाहतीतली माणसे तंबाखूच्या कारखान्यात कामाला जात. ज्या कामगाराची गैरहजेरी हा फौजदारी गुन्हा आहे, तो संप करणार कसा? मालकाला याहून सोयीचा मजूर कुठे मिळेल? सुधारणा या नावाखाली जे झाले, त्याचा एक भाग निखळ वेठीचा होता, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

अपवादही सांगितला पाहिजे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील अशा जमातींची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना जवळ करून नोकऱ्या दिल्या. ज्यांना इंग्रजी मुलखात पहाऱ्यात ठेवीत, त्यांनाच महाराजांनी पहारा सोपविला. शेजारच्या दोन राज्यांत एकच माणूस इकडे चोर आणि तिकडे राखणदार ठरला. फरक माणसात नव्हता, राज्यकर्त्यात होता.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार समितीने चौकशी केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. गुन्हेगार होते ते 'विमुक्त' झाले. परंतु मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, इतर राज्यांतही तसे कायदे होते, आणि पोलिसांची जुनी सवय नव्या कलमाखाली चालू राहिली. तुरुंगाच्या नियमावल्यांतून अशा जमातींना जन्मजात सराईत समजण्याची भाषा काढून टाका, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावे लागले. मधे बहात्तर वर्षे गेली.

आता धंद्याचा शेवट. १९७२ साली संसदेने वन्यजीव संरक्षणाचा कायदा केला. १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची शिकारही बंद झाली. हा कायदा चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झालेच होते, माळढोक संपत आला होता. बंदुका, मोटारी आणि हौशी शिकारी यांनी माळ रिकामे केले होते. जनावर वाचवणे भागच होते. माझे म्हणणे दुसरे आहे. गिरणी बंद झाली तर आम्ही नोटीस मागतो, भरपाई मागतो, पर्यायी काम मागतो, आणि कायदा ते ऐकून घेतो. पारध्याची गिरणी म्हणजे हा माळ. ती एका कायद्याने बंद झाली. कामगाराला नोटीस नाही, हिशेब नाही. निकोबार बेटांतील आदिवासींचे शिकारीचे हक्क त्याच कायद्यात शाबूत ठेवले आहेत. म्हणजे कायदा करणाऱ्यांना असा प्रश्न सुचत नव्हता असे नाही. आज हरणांनी पीक खाल्ले तर शेतकऱ्याला वनखात्याकडून भरपाई मागता येते, ती मिळालीच पाहिजे. परंतु ज्याचे अवघे पीकच ते हरीण होते, त्याच्यासाठी अर्जाचा नमुनाही छापला गेला नाही.

दक्षिणेला गेलेल्या त्याच्या भावाचीही तीच गत. नरिकुरव मणी-माळा विकू लागला. कर्नाटक सरकारने वसवलेले हक्कीपिक्की तेल आणि जडीबुटी विकत थेट आफ्रिकेपर्यंत गेले. २०२३ साली सुदानमध्ये लढाई पेटली तेव्हा तिथे अडकलेल्या हिंदी लोकांत दीडशेहून अधिक हक्कीपिक्की होते. पाय थांबले नाहीत, फक्त हरीण बदलले.

आणि आता सरकारी याद्या पहा. मुंबई राज्यात १९५० साली पारध्याचे नाव अनुसूचित जमातींत आले. आपण हैदराबाद राज्यात होतो. आपल्या यादीत आंध, भिल्ल, गोंड, कोलाम होते, पारधी नव्हता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी १९७६ चा दुरुस्ती कायदा होईपर्यंत सोलापूरचा पारधी आदिवासी आणि परभणी जिल्ह्यातल्या आपल्या परतूरचा पारधी नव्हे, अशी स्थिती होती. तामिळनाडूतील नरिकुरवांना तर जमातींच्या यादीत येण्यासाठी २०२२ च्या डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. रक्त एक, बोली एक, धंदा एक. रेघा मात्र वेगवेगळ्या.

त्यावर आणखी एक. जमातीचा दाखला मागायला गेले की विचारतात, ६ सप्टेंबर १९५० पूर्वी तुमचे घराणे कोठे राहत होते, त्याचा पुरावा आणा. स्थिर घराचा उतारा असतो, शाळेचा दाखला असतो. पालाचा उतारा कोणत्या तलाठ्याकडे मिळणार? राज्य बदलले तर जुन्या दाखल्याचा उपयोगही संपतो. ज्याला आपण शंभर वर्षे एका जागी राहू दिले नाही, त्याच्याकडे आपण एका जागी राहिल्याचा पुरावा मागतो. केंद्र सरकारने नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ साली आणि त्यानंतर इदाते आयोगाने भटक्या-विमुक्तांचे हे प्रश्न कागदावर मांडून ठेवले आहेत. कागद तयार आहे. सही व्हायची आहे.

माझे मागणे थोडे आहे. जो समाज राज्याराज्यांत विखुरला, त्याची यादी राज्याराज्यांत तोडू नये. जुन्या मुक्कामाचा पुरावा म्हणून बोली, कुळे आणि गावच्या वडीलधाऱ्यांची साक्ष धरावी. उरलेल्या माळांवर आणि अभयारण्यांत राखणदार नेमताना पहिला मान पारध्याला द्यावा. काळविटाची वाट त्याच्याइतकी कोणाला कळते? शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी हे करून दाखविले आहे, म्हणून हे अशक्य म्हणण्याची सोय नाही. आणि आपल्यापुरते सांगायचे तर परतुरात कोठे चोरी झाली की पहिल्याने पारध्याच्या पालाकडे बोट दाखवण्याची सवय आपण सोडावी. तिला कोणत्याही सरकारचा निर्णय लागत नाही.